सोड म्हटल्यावर

ता. १२ ऑक्टोबर १९३६

मु. पाली, राजगडाच्या पायथ्याशी, सगुणाबाई यांना रघुवीरचा नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी पत्र पाहून घाबरू नये. भिमाची तब्येत ठणठणीत आहे. हे आधीच लिहितो, कारण तुरुंगाचा शिक्का पाहिला की माणूस भलतंच मनात आणतो. मी मूळचा भोरचा. इथे कोवळ्या वयाच्या कैद्यांचा वेगळा तुरुंग आहे, तिथे व्यायाम शिकवतो. अंगाने मी काडीपैलवान. पोरं पाठीमागे हसतात ते मला ऐकू येतं, पण शिकवतो मन लावून. जोर, बैठका, लाकडी जोडी फिरवणं, वाळूच्या पिशव्या उचलणं, अंगणातल्या आखाड्यात कुस्ती. आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वाटणाऱ्या पोराने जड पिशवी खांद्यावर घेतली की त्याची मान वर येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुमच्या भिमाचे खांदे पाहून मी मनात म्हटलं, आलं, माझं रत्न आलं! पण हा गडी पिशवीला हात लावील तर शपथ. रांगेत उभा राहतो, हात पाठीमागे. समजावलं, ओरडलो, उन्हात उभं केलं. ढिम्म. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की व्यायाम हा इथला नियम आहे, तो न पाळणाऱ्याला संक्रांतीनंतर मोठ्यांच्या तुरुंगात धाडायचं. तिथे मुरलेले दरोडेखोर. सतरा वर्षांचं पोर त्यांच्यात गेलं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कुणी काय गुन्हा केला हे मी विचारत नाही, तो माझा नेम आहे. ठाऊक नसलं की सगळी पोरं सारखी दिसतात. म्हणून भिमालाच विचारलं, घरी कुणाचं ऐकतोस? म्हणाला, "सगुणाबाईचं." आईला नावाने बोलावतो म्हणून मला हसू आलं. तर आई, त्याला दोन शब्द लिहा. तुमच्या शब्दाने तो पिशवी उचलेल आणि इथेच राहील.

आपला,
रघुवीर

---

पाली, दसरा झाल्यावर

मास्तर,

तुमचा कागद पोचला. म्या अडानी. हितल्या शाळामास्तरांच्या सौदामिनीबाई तुमच्या भोरच्याच, त्या लिवत्यात. म्या बोलते तसंच लिवा म्हनलं, साजरं करू नगा.

भिमा माज्या पोटचा न्हाई. माज्या दिराचा. त्येची आय त्येला जलम दिऊन गेली, तवापासनं म्या वाढीवला. दूध माजंच प्याला. म्हनून आय म्हना, न्हाईतर नगा म्हनू.

त्यो हट्टीच हाय. उन्हात हुबं करून काय व्हनार? भाताच्या खाचरात दिसभर वाकल्यालं पोर त्ये. त्येला भाकरी किती देता? नाचनीची का जवारीची? दूध न्हाईच द्यायचं तुमी, ठाव हाय मला. खुराक न्हाई आन जोर काढाय लावता, अंग जळंल पोराचं. गुळाचा खडा तरी द्या. आन पालथा झोपतो त्यो, छाती भरती त्येची. सरळ करीत जावा.

पिशवी उचल म्हनून सांगा. पन म्या सांगितलं आसं सांगू नगा. माजं मालक रखमाजी, त्येचं चुलतं, गावच्या तालमीचं वस्ताद हायेत. त्येंनी भिमाचं नाव घरात घ्यायचं न्हाई म्हनून सांगितलंय. तुमचा कागदबी म्या शाळंतच ठिवलाय.

सगुणाबाई

---

ता. ८ नोव्हेंबर १९३६

सगुणाबाईंना नमस्कार.

पत्र वाचताना तुम्ही समोर बसून मला फैलावर घेताय असंच वाटलं, आणि खरं सांगू, बरं वाटलं. भाकरी ज्वारीची आहे, पोटभर मिळते. गुळाचा खडा मी रोज घरून नेतो. भिमा तो घेतो, पण शेजारच्या बारक्या पोराला देऊन टाकतो.

सांगू नका म्हणालात आणि मी सांगितलं. काय करू, माझ्या पोटात तीळ भिजत नाही. तुमचं पत्र आलंय म्हटल्यावर भिमाने भिंतीकडे तोंड केलं. पाठ हलत होती. मग म्हणाला, "ती न्हाई लिवनार. लिवलं असंल तर तिला गेनूचं विचारा."

गेनू हा त्याचा भाऊ असावा असा माझा तर्क. बरोबरीचा असेल तर फारच छान! थोरांना न जुमानणारी पोरं भावाचं ऐकतात. गेनूकडून दोन ओळी लिहवून घ्याल का? थट्टा केली तरी चालेल. "काय रे, पिशवीला भितोस काय?" एवढं भावाने म्हटलं की हा पठ्ठ्या ताडकन उठेल. दिवस थोडे उरले आहेत, तेव्हा गेनूला म्हणावं, आळस करू नकोस.

आपला,
रघुवीर

---

पाली, चंपाषष्ठी झाली

मास्तर,

गेनू लिवनार न्हाई. गेनू मेला. माजा ल्योक, एकुलता योक. भिमानं मारला.

दोगं एका टायमाला माज्या अंगाव प्याले, योक हिकडं, योक तिकडं. एका ताटात जेवले. तालमीत जोडीनं जायाचे. गेल्या सालच्या नागपंचमीची गोष्ट. हौदात, कुस्तीच्या मातीत, दोगांची झट लागली. गेनूची जीभ लई वाईट, चिडवायचा. काय बोलला देवाला ठाव, पन "बिनआईचं" म्हनला म्हनत्यात. भिमानं त्येची मान बगलंत धरली. मालक म्हनले, सोड. न्हाई सोडली. मालक वरडले, आरं सोड! सोडली तवा गेनू मातीत पडला. त्यो उठलाच न्हाई.

कोरटात मालकांनी खरं त्ये सांगितलं. म्हनले, "म्या सोड म्हनलं, त्येनं सोडलं न्हाई." त्येवढ्यावरच भिमाला शिक्शा झाली. तवापासनं तालमीला कुलूप हाय आन चावी मालकांच्या करदोड्याला.

आता म्हना, त्यो पिशवी का उचलत न्हाई. आन म्या काय सांगू त्येला? ज्या हातांनी माजं पोर गेलं त्या हातांत लई जोर येऊ दे, आसं सांगू? गूळ द्या म्हनून लिवलं त्या राती म्या ताट सारलं. गेनू वरनं बघत आसंल, म्हनत आसंल, बया तू कुनाची आय?

त्येला कुठं धाडायचं तिथं धाडा. मला लिवू नगा.

सगुणाबाई

(लिहिणारीची ओळ: एवढं सांगून बाई उठून गेल्या. पत्र टाकू नका असंही म्हणाल्या नाहीत, म्हणून टाकते आहे. सौदामिनी)

---

ता. २९ डिसेंबर १९३६

सगुणाबाई,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितो. एकदाच.

मेलेल्या मुलाकडून थट्टेच्या ओळी मागवल्या मी. लाज वाटते. क्षमा मागायलाही तोंड नाही.

मागण्यासाठी हे पत्र नाही. फक्त जे दिसलं ते तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं. तुमचं पत्र आल्यावर मी भिमाजवळ बसलो आणि पिशवीचं नाव काढलं नाही. त्याने आपण होऊन सांगितलं. म्हणाला, "मास्तर, काका सोड म्हनले ते म्या ऐकलं व्हतं. ऐकूनबी हात सुटंना. हे हात माझं ऐकत न्हाईत. त्यांना जोर द्यायचा न्हाई." व्यायामाच्या वेळी तो सदऱ्याची बाही मनगटांना गुंडाळतो, ते का, हे मला आत्ता कळलं. आपले आपणच बांधून घेतो.

सतरा वर्षांचं पोर उभं वाळत चाललंय. खांदे उतरले. मी बापडा त्याला काय सांगणार? मी सांगून काय उपयोग? ज्याचं गेलं त्याच्या तोंडून काही येईल तर येईल, नाहीतर संक्रांतीनंतर त्याला नेतील. तुम्ही लिहिलं नाहीत तर मी तुम्हाला मनातसुद्धा बोल लावणार नाही, एवढं मात्र खरं माना.

रघुवीर

---

पाली, भोगीच्या आधी

मास्तर,

ह्या कागदासंगं मातीचं गठुडं धाडलंय. आमच्या तालमीची माती हाय.

आमच्याकडं हौदात कुनी मेलं तर हौद बंद ठिवत्यात. ज्या घरचं मानूस गेलं त्या घरच्या बाईनं त्या मातीत हळद, ताक, त्याल घालून माती कालवायची, मग हौद मोकळा व्हतो. मग कुनाच्या मनात काय न्हाई आसं समजायचं. गावानं मला कैकदा सांगितलं. म्या म्हनायची, माजा हात वाळला तरी कालवनार न्हाई.

तुमचा कागद सौदामिनीबाईंनी वाचला, त्यात मनगटं बांधतो म्हनून आलं. म्या घरी आले आन मालकांपुढं बसले. म्हनलं, चावी द्या. त्येंनी इचारलं न्हाई कशाला. उठले, सोता कुलूप काढलं, सोता फावड्यानं माती उकरली. म्या कालवली. कालवता कालवता म्या रडले, लई रडले, मास्तर. गेनूच्या पाठीची माती ती.

त्येला दावा. त्येला कळंल. दुसरं मला काय बोलाय येत न्हाई.

सगुणाबाई

---

ता. ६ मार्च १९३७

सगुणाबाईंना साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, पण काय काय लिहू असं झालंय! गठुडं उघडलं, भिमाने माती नाकाशी नेली आणि म्हणाला, "हळद घातली तिनं." मग जो खाली बसला तो ढसाढसा रडला. शिपाईसुद्धा तोंड फिरवून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत आला, मनगटं मोकळी, आणि सगळ्यांत जड पिशवी उचलली. मी ओरडलो काय, नाचलो काय, साहेबांनी खिडकीतून पाहिलं!

आता त्याचं अंग पुन्हा भरलंय. बारक्या पोरांना तोच शिकवतो, आणि पहिला धडा कुठला, सांगा पाहू? समोरच्याने "सोड" म्हटलं की असेल तिथे, असेल तसं सोडायचं. हाच खेळ पुन्हा पुन्हा. स्वतःलाही तो याच खेळात घालतो. भर डावात मी मुद्दाम "सोड!" म्हणतो आणि त्याचे हात असे उघडतात, चटका बसल्यासारखे. मग माझ्याकडे बघून हसतो. हसतो, बाई!

माती आपल्या आखाड्यात टाकतो म्हणत होता. मीच म्हटलं, अरे वेड्या, घरची माती, आईच्या हातची, इथल्या धुळीत कशाला घालवतोस? जवळ ठेव. तेव्हा ती फडक्यात बांधून त्याने अंथरुणाखाली ठेवली आहे. साहेबांनी त्याच्यासाठी वर शिफारस केली आहे. सगळं नीट झालं तर वैशाखात घरी.

तुमचा,
रघुवीर

---

पाली, शिमगा झाला

मास्तर,

तुमचा कागद आयकून म्या सौदामिनीबाईंच्या गळ्यात पडले. बिचाऱ्या भ्याल्या!

मालकांनी काल नाव घेतलं. जेवता जेवता म्हनले, "भिमा आला तर झोपंल कुठं?" म्या म्हनलं, झोपंल की, गेनूच्या जागंवर. मग सांजंला बघते तर तालमीचं छप्पर शाकारत्यात. गावची बारकी पोरं मातीत लोळाय लागली हायेत. नाचनी दळून ठिवीन. म्हस व्यालीय, दुधाला आता कमी न्हाई. आला की आदी दूध पाजीन, मग चार शिव्या घालीन.

पन मास्तर, ह्ये काय केलं तुमी? माती जवळ ठिवली? आवो, ती काय अंगारा हाय व्हय, पुडीत बांधाय? हौदाची माती हौदातच जाती. सगळ्यांच्या पायाखाली गेली म्हंजी ती कुना एकल्याची ऱ्हात न्हाई, तवाच गेनू मोकळा आन त्यो बी मोकळा. एकल्यानं उशाशी ठिवली तर त्येचा जीव त्या मातीतच आडकंल. म्या लिवलं न्हाई. मला वाटलं, तुमच्यावानी वस्तादाला ह्ये काय सांगायचं? शेंबड्या पोरालाबी ठाव आसतंय.

कागद मिळाल्या मिळाल्या मिसळा. भिमाला म्हनावं, काकीनं सांगितलंय. सांगा माजं नाव घिऊन.

सगुणाबाई

---

ता. ४ एप्रिल १९३७

सगुणाबाई,

तुमचं पत्र एक दिवस उशिरा आलं.

आदल्या दिवशी कोठड्यांची झडती होती. शिपाई नवा. अंथरुणाखाली फडकं, त्यात पिवळी तेलकट माती, त्याला काय ठाऊक? त्याने ती नळाच्या मोरीत झटकली आणि वरून पाय धुतले. मी अंगणात पोरांना उभं करत होतो. भिमाचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज. मागे वळून पाहिलं तर भिमाने त्या शिपायाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं होतं. एवढा बाप्या, पिशवीसारखा वर. भिमा तसाच उभा होता. थरथरत होता, पण फेकत नव्हता. बाई, मी शपथेवर सांगतो, तो फेकत नव्हता. मला वाटतं, तो हळू खाली ठेवायला वाट शोधत होता.

आणि मी ओरडलो, "सोड!"

त्याने सोडलं. त्याच क्षणी. मीच सराव करून घेतला होता ना!

शिपाई मोरीच्या दगडी काठावर पडला. जीव वाचला, पण कंबर मोडली, पुन्हा चालेल असं वाटत नाही. त्यालाही घरी म्हातारी आहे. चौकशीत मी कंठशोष करून सांगितलं, मी सोड म्हटलं म्हणून त्याने सोडलं. साहेब म्हणाले, "याच पोराला सोड म्हटल्यावर सोडलं नाही म्हणून शिक्षा झाली होती ना?" शिक्षा वाढली. किती वाढली ते लिहिण्याचा धीर नाही. त्याला पुण्याच्या मोठ्या तुरुंगात नेलं आहे, बेड्या घालून.

मला शिव्या द्या. तो आखाड्यात टाकतो म्हणाला होता, मीच ठेव म्हटलं. नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवला आहे. कुठल्या पोराला आता काय म्हणून पिशवी उचल सांगू?

रघुवीर

---

पाली, अक्षय तृतीया झाली

मास्तर,

शिव्या कुनाला देऊ? तुमाला ठाव न्हवतं, मला लिवाय सुचलं न्हाई, शिपायाला कुनी सांगितलं न्हाई. माजं कपाळच फुटकं, त्येला कोन काय करनार?

म्या आन मालक पुन्याला जाऊन आलो. नसरापुरापतुर चालत, पुढं मोटारीनं. मालक कधी मोटारीत बसल्यालं न्हाईत, वाटंनं ओकले. भेटीला गजाआड आनला त्येला. लई थोराड दिसला मला. खांदे आसे भरल्याले, तुमी भरवल्याले. म्या डोळं भरून बघितलं आन मनात आलं, ह्यो जोर आता कुनाच्या कामाला? दगूड फोडाय.

भिमा माज्याशी न्हाई बोलला. मालकांकडं बघून म्हनला, "काका, ह्या येळंला म्या लगीच सोडलं."

मालकांनी गज धरलं. कोरटात येवढं बोलल्यालं मानूस त्ये. गजातनं हात घालून त्येंनी त्येचं मनगाट धरलं. शिपाई म्हनला वेळ झाली, तरी धरूनच हुबे. शेवटी भिमानंच हळू हात काढून घेतला.

तुमी नोकरी सोडू नगा. तिथं बाकीची पोरं हायेत. त्येंच्या आया कुठं हायेत मला ठाव न्हाई, पन त्या वाट बघत आसतील. त्येंना उचलाय शिकवा, खाली ठिवायबी शिकवा. मालक बी आसंच म्हनले. तालीम उघडीच ठिवलीया त्येंनी.

येताना तुरुंगाच्या भायेर लिंबाखाली टेकलो व्हतो. तिथं शिरवळकडची योक बाई तिच्या पोराला भेटाय आल्याली. बरी व्हती बोलायला. तिनं मला भाकर दिली आन इचारलं, "तुमाला पोरं किती, बाई?" म्या म्हनलं, "येकच." ती म्हनली, "नाव काय त्येचं?"

मास्तर, माज्या तोंडातनं नावच निघंना. दोगांतलं कुठलंच निघंना. म्या मालकांकडं बघितलं, त्येंनी बी खाली बघितलं. ती बाई माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

सगुणाबाई